संगणक बदलण्याआधी अनडूचा साठा तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फोटो एडिटिंग करताना संगणक मंदावला की लोक आधी प्रोसेसरला नावं ठेवतात, मग व्हायरसची शंका घेतात आणि शेवटी नवं यंत्र घ्यायला निघतात. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान सदरांतही या तक्रारीला बहुधा ‘रॅम वाढवा’ एवढंच उत्तर मिळतं. जुनी, खराब झालेली छायाचित्रं स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते, सकाळी सुरळीत चाललेलं यंत्र दुपारनंतर त्याच फाइलवर अडखळायला लागलं, तर पहिला संशय अनडूवर घ्यावा. आपण केलेली प्रत्येक कृती मागे घेता यावी म्हणून सॉफ्टवेअर जे जुने पिक्सेल साठवून ठेवतं, त्यांचा ढीग कुठे दिसत नाही, पण जागा तर खातोच. यावर उपाय आहेत, त्यांतले बरेचसे फुकट आहेत. तरी ते फारसं कुणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक स्पष्ट करते. मी अनडूच्या विरोधात लिहीत नाही. माझ्याकडे येणारे फोटो बहुतेकदा एकुलते एक असतात. मधोमध घडी पडलेली, कडेने बुरशी चढलेली, कुणाच्या तरी कपाळावरून ओरखडा गेलेला. डोळ्याच्या कोपऱ्यातला काळा ठिपका धूळ आहे की तीळ, हे कधीकधी पुसून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि तो तीळ निघाला तर जसाच्या तसा परत आणता आलाच पाहिजे. फोटोशॉप १९९० साली आलं, पण एकाहून जास्त स्टेप मागे जाण्याची सोय, म्हणजे हिस्टरी पॅनेल, १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधी एकच स्टेप मागे जाता यायचं. चेहऱ्यासारख्या नाजूक जागी काम करणाऱ्याला त्या सोयीने किती धीर दिला, हे ज्याने ते काम केलंय त्यालाच कळेल. ही सोय हवीच. फक्त ती कशावर उभी आहे, ते माहीत हवं.

मजकूर टाइप करताना अनडूला फारशी जागा लागत नाही. चार अक्षरं खोडली, तर ती चार अक्षरं लक्षात ठेवली की झालं. छायाचित्राचं तसं नाही. एखादा भाग ब्लर केला की मूळचा बारकावा नष्ट होतो. उलटी आकडेमोड करून तो परत येत नाही. म्हणून बदलाआधीचे पिक्सेल तसेच्या तसे बाजूला ठेवण्यावाचून सॉफ्टवेअरला गत्यंतर नसतं. सुदैवाने दर वेळी आख्ख्या फोटोची प्रत काढली जात नाही. फोटोशॉप, गिंप यांसारखी सॉफ्टवेअर चित्राचे लहान चौकोन पाडतात, त्यांना टाइल म्हणतात, आणि ज्या टाइलमध्ये बदल झाला तेवढीच जुनी टाइल जपून ठेवतात. कपाळावरचा एक ठिपका पुसला तर एखाददुसरी टाइल. पण पूर्ण फोटोवर शार्पनचा किंवा नॉइज कमी करण्याचा फिल्टर चालवला की सगळ्या टाइल बदलतात आणि त्या लेयरची, म्हणजे चित्रात एकावर एक ठेवता येणाऱ्या थरांपैकी त्या थराची, पूर्ण जुनी प्रत साठ्यात जाते. पूर्ण फाइल अर्ध्या अंशाने फिरवली, आकार बदलला किंवा रंगाच्या नोंदीची बारकाई ८ बिटवरून १६ बिट केली, तर एका नव्हे, सगळ्याच लेयरच्या टाइल नव्याने लिहिल्या जातात. दिसायला दोन्ही कृती हिस्टरीच्या यादीत एकेक ओळच घेतात. एका ओळीचं वजन काही केबी, दुसरीचं काही जीबी, आणि यादीत दोन्ही सारख्याच दिसतात. सगळा गोंधळ इथे आहे.

माझ्या कामातलाच ढोबळ हिशेब मांडते. ८ बाय १० इंचांचा प्रिंट १२०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके टिपत, स्कॅन केला की ९६०० बाय १२००० पिक्सेलची फाइल होते, म्हणजे ११ कोटी ५२ लाख पिक्सेल. रंगाचे तीन चॅनेल आणि प्रत्येकी १६ बिट धरले तर एका पिक्सेलला ६ बाइट, एकूण सुमारे ६९० एमबी. हा फक्त एक लेयर. त्यावर पूर्ण फोटोला लागू होणाऱ्या दहा कृती केल्या की जुन्या प्रतीच सात जीबीच्या आसपास जातात. फोटोशॉप मूळ सेटिंगनुसार उपलब्ध रॅमपैकी ७० टक्के स्वतःसाठी घेतं. १६ जीबीच्या यंत्रात ती रॅम पंधराएक कृतींत भरून जाऊ शकते, आणि ठेवल्या जाणाऱ्या स्टेपची मूळ मर्यादा तर ५० आहे.

रॅम भरली की काम थांबत नाही. साठा डिस्कवर उतरवला जातो. रॅम म्हणजे काम करायचं टेबल आणि डिस्क म्हणजे शेजारच्या खोलीतलं कपाट असं समजा, प्रत्येक कागदासाठी उठून जावं लागतं. रॅममधून दर सेकंदाला कित्येक जीबी डेटा ये-जा करतो. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क सलग वाचतानाही सेकंदाला शंभर-दोनशे एमबीच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि विखुरलेल्या टाइल वाचताना तर त्याहून कितीतरी खाली येते. मग ब्रश फिरवल्यावर रेघ उशिरा उमटते, कंट्रोल झेड दाबल्यावर चित्र जागचं हलत नाही आणि माणूस वैतागून पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

हे ओळखायचं कसं? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांना टेकलेली दिसली, तर वेगवान प्रोसेसर आणून काही फरक पडणार नाही. फोटोशॉपमध्ये याहून नेमकी खूण आहे. खिडकीच्या तळाशी जिथे फाइलचा आकार दिसतो, तिथल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. आकडा १०० असेल तर सगळं काम रॅममध्ये चाललंय. तो खाली आला की सॉफ्टवेअर डिस्कचा आधार घेतंय. मी हा आकडा कायम समोर ठेवते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही पहिल्या दिवशी तोच लावायला सांगते. फिल्टर नंतर शिकता येतात.

आता उपायांकडे येते. हिस्टरीच्या स्टेप कमी करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण दुरुस्तीच्या कामात पुरेसा पडत नाही. हीलिंग ब्रश, म्हणजे आजूबाजूचा पोत घेऊन डाग झाकणारा ब्रश, त्याचा प्रत्येक टिपका ही एक स्टेप असते. धुळीने भरलेल्या फोटोवर पन्नास टिपके मारायला काही मिनिटंच लागतात. एक्कावन्नाव्या टिपक्याला पहिला हातचा जातो. हे लक्षात आलं की लोक प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्टेपची संख्या थेट १००० करून टाकतात, तिथे तेवढी कमाल मर्यादा आहे. टिपक्यांपुरतं ते खपूनही जातं. पण त्याच फाइलवर मधूनच एखादा जड फिल्टर चालवला, फोटो सरळ केला, पुन्हा फिल्टर चालवला, की त्या जड प्रती हजार स्टेपच्या रांगेत बसून राहतात आणि दिवसभर हलत नाहीत. यंत्र अडखळतंय म्हणून मदत मागायला येणाऱ्यांच्या सेटिंगमध्ये हा हजाराचा आकडा मला वारंवार दिसतो.

म्हणून मी आकड्यापेक्षा कामाच्या क्रमावर भर देते. पूर्ण फोटो बदलणारी सगळी कामं आधी उरकते. फोटो सरळ करणं, कडा कापणं, फिका पडलेला टोन सावरणं, सगळं लेयर एकच असतानाच. हे मनासारखं झालं की फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करते, बंद करते आणि पुन्हा उघडते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फाइल बंद केली की तिची हिस्टरी संपते, त्यामुळे जड प्रतींचा भार तिथेच उतरतो. त्यानंतर टिपक्यांचं, बारीक काम सुरू होतं, त्याला अनडूची जागा थोडीच लागते. नेमका उलटा क्रम, म्हणजे आधी तासभर धूळ पुसायची, मग लेयरवर लेयर चढवायचे आणि शेवटी लक्षात आलं म्हणून फोटो अर्धा अंश फिरवायचा, हा यंत्राला सर्वांत महाग पडतो.

दुसरी सवय याहून मोलाची वाटते. हीलिंग मूळ लेयरवर करायचंच नाही. वर एक रिकामा लेयर घ्यायचा, ब्रशच्या सेटिंगमध्ये सॅम्पल ‘करंट अँड बिलो’ ठेवायचं आणि सगळे टिपके त्या रिकाम्या लेयरवर उमटू द्यायचे. रिकाम्या लेयरला जागा लागते ती फक्त जिथे काही उमटलंय तेवढ्यापुरती. फायदा असा की तीन दिवसांनी कुटुंबातलं कुणी म्हणालं, ‘अहो, आजीच्या गालावर तीळ होता’, तरी त्या जागी इरेजर फिरवला की खालचा मूळ तीळ पुन्हा दिसतो. तिथवर कुठलाही अनडू पोचला नसता. टोनसाठी ॲडजस्टमेंट लेयर (खालचे पिक्सेल न बदलता वरून परिणाम देणारा लेयर), जड फिल्टरसाठी स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेयर), हाही त्याच विचाराचा भाग आहे. स्मार्ट ऑब्जेक्टने फाइल फुगते हे खरं, पण ती जागा उघडपणे घेतलेली असते, आणि फाइल बंद केल्यावरही मागे जायची वाट शाबूत राहते.

हिस्टरी रिकामी करण्याबाबत एक बारकावा आहे, तो सविस्तर सांगते, कारण तो माहीत नसल्यामुळे ‘सगळं पुसलं तरी फरक पडला नाही’ अशी तक्रार मी नेहमी ऐकते. फोटोशॉपच्या हिस्टरी पॅनेलच्या मेन्यूत ‘क्लिअर हिस्टरी’ आहे. ते निवडलं की यादी कोरी दिसते, पण मेमरी मोकळी होत नाही. कारण ‘क्लिअर हिस्टरी’ हीसुद्धा मागे घेता येणारी कृती आहे, आणि ती मागे घेता यावी म्हणून सगळा साठा जिथल्या तिथे ठेवलेला असतो. ऑल्ट की दाबून धरून तीच आज्ञा दिली, तरच साठा खरोखर जातो. एडिट मेन्यूतलं ‘पर्ज’ आणि त्यातलं ‘हिस्टरीज’ याहून पुढचं. ते उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींची हिस्टरी एकदम काढतं. या दोन्ही गोष्टी परत फिरवता येत नाहीत, म्हणून आधी सेव्ह, मग पर्ज. पर्जनंतरही टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा उतरलेला दिसला नाही तर घाबरू नये. घेतलेली रॅम फोटोशॉप पुढच्या कामासाठी आपल्याजवळच ठेवतं, ती सिस्टीमला परत मिळते ती प्रोग्रॅम बंद केल्यावर. काही बदललं का, हे त्या आकड्यावरून नव्हे, पुढच्या कामातल्या एफिशियन्सीवरून बघावं.

स्नॅपशॉटबद्दलही, म्हणजे हिस्टरी पॅनेलमध्ये एखादी अवस्था नाव देऊन राखून ठेवण्याच्या सोयीबद्दलही, हेच. स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणीच्या सगळ्या टाइल राखून ठेवल्या जातात. स्टेपची मर्यादा ओलांडली तरी त्या निघत नाहीत. दोन-तीन ठीक, पण प्रत्येक टप्प्याला स्नॅपशॉट घेत राहिलं तर स्टेप कमी ठेवण्याचा उपयोगच राहत नाही. टप्पा जपायचा असेल तर वेगळ्या नावाने फाइल सेव्ह करावी. स्नॅपशॉट फाइल बंद करताना नाहीसे होतात, सेव्ह केलेली फाइल राहते.

डिस्कचं थोडक्यात. स्क्रॅच डिस्क, म्हणजे रॅम भरल्यावर साठा जिच्यावर उतरतो ती डिस्क, म्हणून शक्यतो एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) नेमावी, जमल्यास सिस्टीम असलेल्या डिस्कहून वेगळी, आणि तिच्यावर भरपूर मोकळी जागा ठेवावी. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या मोठमोठ्या फाइली मागे पडून राहू शकतात. प्रोग्रॅम बंद आहे याची खात्री करूनच त्या काढाव्यात.

आणि स्कॅनिंग. कागदावरच्या प्रिंटमध्ये बहुधा ६०० डीपीआयच्या पलीकडे टिपण्यासारखा बारकावा उरलेला नसतो. तोच ८ बाय १० चा फोटो ६०० वर स्कॅन केला तर पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात आणि प्रत्येक जड अनडू ६९० ऐवजी १७३ एमबीचा होतो. कृष्णधवल फोटो मीही आधी रंगीतच स्कॅन करते, कारण पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये ठळक आणि लाल चॅनेलमध्ये फिके दिसतात आणि कामाचा चॅनेल निवडता येतो. पण एकदा निवडला की फाइल ग्रेस्केल, म्हणजे फक्त करड्या छटांच्या एकाच चॅनेलची, करते. जागा आणखी एक-तृतीयांशावर येते. निगेटिव्हची गोष्ट वेगळी, तिथे जास्त डीपीआय लागतो.

हा प्रश्न एकाच सॉफ्टवेअरचा नाही. क्रिटामध्ये अनडूच्या स्टेप किती हव्यात ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. ॲफिनिटी फोटोत हिस्टरी फाइलसोबतच सेव्ह करण्याची सोय आहे. उपयुक्त सोय, पण ती चालू ठेवली तर फाइल बंद करून उघडल्याने भार उतरणार नाही, उलट फाइलच वाढत जाईल. लाइटरूम आणि डार्कटेबल पिक्सेल साठवत नाहीत, सूचना साठवतात. त्यामुळे तिथे मागे जाणं फार स्वस्त पडतं. तरी एकाच फोटोवर शेकडो ब्रश आणि स्पॉट झाले की सगळ्या सूचना दर वेळी नव्याने लागू कराव्या लागतात आणि तेही रेंगाळतं. डार्कटेबलमध्ये ‘कॉम्प्रेस हिस्टरी स्टॅक’ आहे, त्याने एकाच मॉड्यूलच्या जुन्या नोंदी निघून शेवटचीच राहते. यादी आटोपशीर होते, पण मुळात ब्रशच जास्त असतील तर त्याने वेग वाढणार नाही. तिथे धूळ पुसण्याचं जड काम पिक्सेलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवणं बरं.

या सगळ्यात मला सर्वांत योग्य वाटते ती गिंपची रचना. तिथे प्रेफरन्सेसमधल्या ‘सिस्टीम रिसोर्सेस’मध्ये दोन आकडे देता येतात. निदान किती स्टेप मागे जाता आलंच पाहिजे, हा एक. अनडूने जास्तीत जास्त किती मेमरी वापरायची, हा दुसरा. हलक्या टिपक्यांच्या शेकडो स्टेप मावतात, जड फिल्टरच्या थोड्याच राहतात, आणि किमान स्टेपची हमी दोन्हीकडे असते. गिंपमध्ये २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून डॅशबोर्डही आहे, त्यात कॅश (रॅममधला साठा) आणि स्वॅप (डिस्कवर उतरलेला साठा) किती भरलंय ते काम करता करता दिसतं. मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला हे जमतं, तर पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला का जमू नये?

माझी मागणी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे आहे. हिस्टरीच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर तिचं वजन दाखवा. स्टेपच्या संख्येबरोबर एमबीची मर्यादा घालू द्या. यादीतली एखादीच जड प्रत सोडून देऊन आजूबाजूच्या हलक्या स्टेप ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, हे मला समजतं, कारण प्रत्येक स्टेप आधीच्या स्टेपवर उभी असते. पण ‘ही कृती केल्यास अनडूचा साठा डिस्कवर जाईल’ एवढी सूचना आधी देणं अवघड नाही. ज्या आज्ञेने मेमरी मोकळी होत नाही, तिच्या नावात ‘क्लिअर’ असू नये, किंवा निदान शेजारी तसं लिहिलेलं असावं.

फोटो एडिटिंगचे वर्ग चालवणाऱ्यांनाही विनंती आहे. पहिल्या आठवड्यात फिल्टरांची ओळख करून देण्याऐवजी लेयर, अनडू आणि मेमरी यांचं नातं शिकवा. हे न कळल्यामुळे धडधाकट यंत्रं मोडीत निघतात, आणि ज्यांना नवं घेणं परवडत नाही ते दुरुस्तीचं काम अर्धवट सोडून देतात. अर्ध्यावर सोडलेल्या अशा फाइली माझ्याकडे येतात. निम्मा चेहरा स्वच्छ, निम्म्यावर ओरखडे, आणि पाठवणारा सांगतो की आमच्या संगणकाच्या आवाक्यातलं हे काम नाही. अशा फाइली उघडून बघितल्या की त्यांत बहुधा १२०० डीपीआयचा स्कॅन असतो आणि एकावर एक चढवलेल्या पूर्ण आकाराच्या लेयरच्या प्रती. नको असलेल्या प्रती काढून आकार निम्मा केला की ते काम साध्या यंत्रावरही पुरं होतं.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान सदरात या विषयाला स्वतंत्र जागा मिळावी. फोटोशॉप आणि गिंप या दोन्हींमधल्या सेटिंगची माहिती पडद्याच्या चित्रांसह लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
जुनी छायाचित्रं दुरुस्त करणारी एक वाचक